विंटर किचनची दुसरी बाजू

“त्या पेटीसमोर मला कांडायला लावू नको, अम्मा. अंगातलं एकदा तिच्यात गेलं की परत येत न्हाई,” असं घरी कांडायला येणाऱ्या रत्नाबाई म्हणाल्या होत्या, आणि विमला हसली होती. टेपरेकॉर्डर आहे तो, भूत नव्हे, असंही वर ऐकवलं होतं. पावणेदोन वर्षांपूर्वीचं ते हसू आत्ता, रविवारी सकाळी, कँटोन्मेंटमधल्या रेबेरोंच्या ग्रामोफोनच्या दुकानाच्या माडीवर उभी असताना तिला आठवलं. कडेवरच्या गुंडोला, आपल्या मुलाला, झोके द्यायची ती थांबली.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं चाललं होतं. गिटार मध्येच बंद पडली आणि नुसते ठोके राहिले. धप्. धप्. धप्. जाड, मातीतून आल्यासारखे. सात ठोके, मग एक मोकळी जागा, मग पुन्हा सात. प्रत्येक ठोक्याबरोबर कुणीतरी नाकातून श्वास सोडत होतं, आणि मागून कुणीतरी ड्रमवर त्या ठोक्यांना गाठायला बघत होतं.

हा आवाज कशाचा ते विमलाला कुणी सांगायची गरज नव्हती. मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं उखळाच्या काठाला एकदा चाटून गेलं, तेही तिनं ओळखलं. आणि थोड्या वेळानं, ठोक्यांच्या मधोमध, तबकडीतून एक सणसणीत शिंक आली.

माडीवरची दहाबारा माणसं खो खो हसली. विमलाचे कान तापले. ती शिंक तिची होती.

दर रविवारी इथं लोक जमत. एखादी नवी तबकडी शेवटपर्यंत ऐकायची, मग रेबेरो मतांची वही उघडत आणि ज्याचं त्यानं मत द्यायचं. निवडक मतं टाइप करून रेबेरो लंडनच्या एका संगीत-साप्ताहिकाला पाठवत. आजवर एकही छापून आलं नव्हतं. नियम एकच होता. लागोपाठ दोन रविवारी जी तबकडी नापास होईल ती दुसऱ्या तबकडीच्या बदल्यात देऊन टाकायची. ब्रास लँटर्न्स या इंग्लिश बँडची ही ‘विंटर किचन’ विमलाच्या नवऱ्यानं, बिंदुमाधवानं सुचवलेली. तो के. आर. पुरमजवळच्या टेलिफोनच्या कारखान्यात होता आणि तिथल्या एका साहेबानं ती लंडनहून आणली होती. बँडच्या आधीच्या तबकड्या सगळ्यांना तोंडपाठ. ही शेवटची. हिच्यानंतर बँड मोडला होता, आणि हिचं नाव फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

“पहिल्या बाजूला बँड मरतो,” लॉ कॉलेजचा भीमसेन म्हणाला, “आणि दुसऱ्या बाजूला त्याचं तेरावं होतं. शिंकेला मात्र मी पैकीच्या पैकी मार्क देतो.”

“जयसिंगराव?” रेबेरोंनी पेन तयार ठेवलं.

जयसिंगराव पोलीस बँडातून निवृत्त झालेले. मंडळात तालाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. “सात ठोके आणि आठवा गायब,” ते म्हणाले. “माझ्या बँडात कुणी असं वाजवलं असतं तर त्याला महिनाभर बिगुल पुसायला बसवला असता. टेप तुटली असणार. जोडताना तुकडा गळलाय. ताल साफ चुकलाय.”

“बिंदुमाधव, तुमचीच निवड ही. काही बचाव?”

“स्वल्प वेगळं आहे,” बिंदुमाधव चपलांकडे बघत म्हणाला.

विमलानं पुढं होऊन टेबलावरचं वेष्टन उचललं. वर शेतात पाठमोरे उभे असलेले चार जण. मागं बारीक अक्षरांत नावं. ड्रम्स, पी. हॅलम. कॉलेजात तिला इंग्रजी शिकवणाऱ्या मिस हॅलमचा भाचा पीटर. तीन आठवड्यांसाठी आला होता, कुठल्याशा बँडात वाजवतो म्हणाला होता, बँडचं नाव तिनं विचारलंही नव्हतं.

“हे मिरच्यांचं कांडण आहे,” ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

“ताल चुकलेला नाही. रत्नाबाई मिरच्या कांडताहेत. आमच्या मागच्या अंगणात. बसवनगुडीत.” आणि मग तिला राहवलं नाही. “ती शिंक माझी आहे.”

“मग तबकडीवर सही देऊन जा, अक्का!” भीमसेन म्हणाला, आणि या वेळचं हसू आधीच्यापेक्षा मोठं होतं. जयसिंगराव तेवढे हसले नाहीत. लहान मुलीला समजवावं तसे म्हणाले, “अम्मा, लंडनच्या तबकडीवर मिरच्या कोण कांडेल?”

वहीत ‘नापास’ लिहिलं गेलं. गुंडो तिच्या खांद्यावर झोपून गेला होता. सवयीनं तिनं त्याच्या नाकाशी बोट धरलं, श्वास लागला तेव्हा जिना उतरली.

बसस्टॉपवर बिंदुमाधव तिच्याकडं न बघता म्हणाला,

“सगळ्यांच्या समोर बोलायलाच हवं होतं?”

“तुम्हाला तरी पटतं का?”

त्यानं बस येते का ते बघितलं. “शिंक तुझीच आहे,” तो म्हणाला. “दोनदा श्वास घेऊन तिसऱ्यांदा शिंकणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.”

सदुसष्टच्या फेब्रुवारीत, शिवरात्रीच्या आधी, वर्षाच्या मिरच्या कांडायला रत्नाबाई नेहमीसारख्या आल्या होत्या. विमलाला तेव्हा दुसरा महिना. मिस हॅलमनी चिठ्ठी देऊन पीटरला पाठवलं होतं, की याला इथलं घर दाखव. काडीसारखा किडकिडीत मुलगा, खांद्याला टेपरेकॉर्डर. कांडणाचा आवाज ऐकून तो अंगणाच्या दारातच उभा राहिला. रत्नाबाई उजव्या हातानं सात घाव घालत, सातव्याला मुसळ वरच्या वर सोडून देत, ते हवेत असताना उखळाबाहेर उडालेल्या मिरच्या पायाच्या अंगठ्यानं आत ओढत, आणि खाली येणारं मुसळ डाव्या हातानं झेलत. मग डाव्यानं सात. पुन्हा बदल. हे त्या सकाळी सातपासून करत आलेल्या, आणि घामानं भिजलेल्या चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता.

पेटीला त्यांनी नाही म्हटलं. विमला हसली, पीटरला तिनं इंग्रजीत तो नकार सांगितला, आणि तो पेटी उचलून गेल्यासारखं करून सरपणाच्या ढिगामागं जाऊन बसला. विमलाला ते दिसत होतं. ती काही बोलली नाही. शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टीत काय वाटायचंय, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका घरी हळद कांडताना रत्नाबाईंच्या उजव्या हातातून मुसळ सुटलं, ते पुन्हा त्या हातात आलं नाही. हात खांद्यापासून लोंबला. त्या परत बसवनगुडीत दिसल्या नाहीत. बनशंकरीकडं भाच्याकडं राहायला गेल्या, असं कुणीतरी सांगितलं. जुलैत गुंडो सातव्या महिन्यात जन्मला, मुठीएवढा. तेव्हापासून विमला श्वास तपासत होती. गिरण आली, मिरच्या गिरणीत जाऊ लागल्या, सासूबाई रत्नाबाईंचं नाव निघालं की हळहळत. विमला त्या वेळी काहीतरी काम काढून उठून जाई.

बुधवारी ती गुंडोला घेऊन बनशंकरीला गेली. बस देवळापर्यंतच जात होती. पुढं शेतांमधून चालत. भाच्याचं, मानसिंगचं घर विचारत विचारत सापडलं. रत्नाबाई ओसरीवर बसून डाव्या हातानं चिंच निवडत होत्या. केस पांढरे झाले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

“कोण गं? बसवनगुडीची विमलम्मा? आणि हा पोरगा? ये रे, चिंच खातोस?”

“चिंच नको,” विमला घाईनं म्हणाली. “त्याला खोकला होतो.” मग बसली. रस्ताभर जुळवून आणलेलं सगळं विसरून गेली. “रत्नाबाई, त्या दिवशी ती पेटी चालू होती. सरपणामागं. मला माहीत होतं.”

“मला पण.”

“तुम्हाला? कसं?”

“पोरगा आत बसून पायानं ठेका धरत होता,” रत्नाबाई चिंचेतून चिंचोका काढत म्हणाल्या. “लाकडं हलत होती सगळी. मी काय आंधळी हाय?”

“मग थांबला का नाहीत?”

“अय्यो! मिरच्या अर्ध्या कांडलेल्या. तशा टाकून उठू?”

“पण नंतर हात... तुम्ही आलाच नाहीत. मला वाटलं, माझ्यामुळं.”

“एका हातानं काय करायला येऊ? तुझ्या सासूनं बसवून जेवायला घातलं असतं. मी बसून जेवणारी बाई न्हवं.” मांडीवरच्या हाताकडं त्यांनी एकदा बघितलं. “गेलं ते त्या पेटीतच गेलं, एवढं मात्र मला वाटतं. तू हसलीस तरी.”

विमला हसली नाही. “ते आहे अजून,” ती म्हणाली. “त्या मुलानं त्याची तबकडी केलीय. रविवारी मी ऐकली.”

चिंच निवडणारी बोटं थांबली.

“नीट हाय?”

“तुमचं सगळं नीट आहे. पण तिथले लोक म्हणतात, ताल चुकलाय. येत्या रविवारी पुन्हा ऐकून ती तबकडी देऊन टाकणार आहेत.”

रत्नाबाईंनी चिंचेची सुपली बाजूला सारली. “कोण म्हणतं चुकलाय?”

“एक जयसिंगराव आहेत. पोलीस बँडाचे.”

“मराठा?”

“हो.”

“आणि त्याला आपल्याच लोकांचं कांडण कळलं न्हाई?” रत्नाबाई उठून उभ्या राहिल्या. “मानसिंग! ए मानसिंग! रविवारी मला कँटोन्मेंटला जायचंय. तुझं काय असंल ते ठेव बाजूला.”

रविवारी माडीचा जिना त्या एकेक पायरी थांबत चढल्या. नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर पदर, उजवा हात पदरात गुंडाळलेला. मागं मानसिंग, अवघडलेला. खोलीत सगळे जरासे सरकले. भीमसेननं खुर्ची पुढं केली.

“नको रे बाबा. पाय जमिनीला लागायला पाहिजेत,” रत्नाबाई म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“ह्या त्या,” विमला म्हणाली. “शेवटचं गाणं लावा, मिस्टर रेबेरो.”

गिटार सुरू झाली. रत्नाबाईंनी कपाळाला आठी घालून ती सहन केली. मग गिटार थांबली, आणि पहिला ठोका पडला.

त्यांचे डोळे मिटले. चेहरा हलला नाही. सात ठोके होईपर्यंत त्या तशाच होत्या. आणि मोकळ्या जागेत, जिथं जयसिंगरावांच्या मते टेप तुटली होती, तिथं रत्नाबाईंचा उजवा पाय थोडा पुढं गेला, अंगठा वळला, आणि नसलेल्या मिरच्या आत ओढून पाय जागेवर आला. पुन्हा सात. पुन्हा पाय. एकदाही लवकर नाही, एकदाही उशीर नाही. खोलीतलं कुजबुजणं हळूहळू बंद झालं. सगळे त्या पायाकडं बघत होते. विमला मात्र जयसिंगरावांकडं बघत होती. ते खुर्चीच्या कडेला आले होते.

“थांबव,” रत्नाबाई म्हणाल्या.

रेबेरोंनी सुई उचलली.

“हे मागं कोण बडवतंय?”

“तोच मुलगा, रत्नाबाई. सरपणामागचा. त्यानं तुमचं ऐकून नंतर वाजवलंय.”

“मागं मागं येतोय. सातवा झाला की हा घाबरतो आणि मध्ये एक टाकून देतो. मी सोडलेल्या जागेत कशाला टाकायचा?”

“पण बाई,” जयसिंगराव हळूच म्हणाले, “तो आठवा जातो कुठं?”

“जातो कुठं म्हणजे? वर असतो. हवेत. मुसळ वर असतं तेव्हा ठोका पण वरच असणार की!”

जयसिंगराव उठले. टेबलाच्या कडेवर त्यांनी बोटांनी सात ठोके दिले आणि आठव्याला हात वर उचलून धरला. पुन्हा सात. हात वर. तिसऱ्या वेळी त्यांचा बूट आपोआप पुढं सरकला आणि मागं आला. ते खाली आपल्या बुटाकडं बघत राहिले.

“आमची आई,” ते म्हणाले. “कल्लासीपाळ्याला होतो आम्ही. माझा पाळणा उखळापाशी बांधलेला असायचा.” त्यांनी नाक पुसलं. “तीस वर्षं मी लोकांना ताल शिकवला.”

“शिकवला असंल. घरातलं ऐकायचं राहिलं,” रत्नाबाई म्हणाल्या. पण आवाजात धार नव्हती. “आता ओढा पाय नीट. टाचेनं न्हवं, अंगठ्यानं. लाव रे पुन्हा.”

या वेळी जयसिंगराव रत्नाबाईंच्या शेजारी उभे राहिले. मग भीमसेन आला, मग बिंदुमाधव चपला काढून आला. दुसऱ्या फेरीला अर्धं मंडळ सात ठोके टाळ्यांनी देऊन आठव्याला हात वर सोडत होतं आणि पाय ओढत होतं. माडीची फळ्यांची जमीन दणाणली. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक जिन्यात येऊन वर बघायला लागलं. गुंडो विमलाच्या हातातून खाली उतरला, लटपटत रत्नाबाईंपाशी गेला, आणि त्यांचं लुगडं धरून उभा राहिला. विमलाचा हात पुढं गेला होता. तिनं तो मागं घेतला.

“आता येतेय!” भीमसेन ओरडला. “आता अक्का शिंकणार!”

तबकडीतून शिंक आली तेव्हा अख्खी माडी एका आवाजात ओरडली. विमला एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटच्या मिनिटाला ठोके आणि ड्रम बरोबर चालले होते. सातवा झाला, आणि ड्रमवाला थांबला. त्यानं ती जागा मोकळी सोडली.

“सापडलं त्याला,” रत्नाबाई म्हणाल्या.

रेबेरोंनी मतांची वही उघडून विमलासमोर ठेवली. रत्नाबाईंनी सांगितलं तसं तिनं इंग्रजीत लिहिलं. कांडण उत्तम. ढोलवाला शिकतोय. गिटार कशासाठी ते समजलं नाही. खाली पूर्ण नाव, रत्नाबाई मानाजी शिंदे, बनशंकरी. गेल्या रविवारच्या ‘नापास’वर जयसिंगरावांनी स्वतः काट मारली.

“तबकडी जागची हलणार नाही,” रेबेरो म्हणाले. “आणि हे मत लंडनला जाणार. आत्ताच्या आत्ता टाइप करतो.”

जिन्याच्या तोंडाशी रत्नाबाई थांबल्या. “तो पोरगा आता कुठं असतो?”

त्याच आठवड्यात रेबेरोंकडचे लंडनच्या साप्ताहिकाचे जुने अंक चाळताना विमलानं वाचलं होतं. ही तबकडी कुणाला आवडली नाही म्हणून बँड मोडला. पीटरनं ड्रम देऊन टाकले आणि तो उत्तरेकडं समुद्राकाठच्या व्हिटबी नावाच्या गावी एकटा राहतो, कुणाला भेटत नाही. तेव्हा ती ते सहज वाचून गेली होती. आता सांगताना तिला प्रत्येक शब्द ऐकू आला.

“म्हणजे त्याला कुणी सांगितलंच न्हाई?” रत्नाबाई म्हणाल्या. “सापडलं म्हणून?”

मानसिंगनं त्यांचा हात धरला. विमला मागं वळली, रेबेरोंच्या टाइपरायटरपाशी गेली आणि म्हणाली, “उठा जरा. मी लिहिते.”

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत ते पत्र साप्ताहिकात छापून आलं, दोन रकाने भरून. संपादकानं जयसिंगरावांचे बूट आणि विमलाची शिंकसुद्धा ठेवली होती. रेबेरोंनी ते पान काच लावून दुकानात टांगलं. शेवटचा भाग असा होता:

“ज्यांनी ही तबकडी एकदा ऐकून ठेवून दिली असेल त्यांनी ती पुन्हा काढावी, आणि ऐकताना जमिनीवर अनवाणी उभं राहावं. आणि वाचकहो, तुमच्यापैकी कुणी व्हिटबीच्या बाजूला राहत असेल, तर कृपा करून एकदा श्री. पीटर हॅलम यांचं दार वाजवा. उघडायला वेळ लागला तरी थांबा. त्यांना सांगा, की शेवटच्या मिनिटात त्यांचा ताल बरोबर आहे, आणि हे जिला कळतं तिनं सांगितलेलं आहे. ते नीट जेवतात का, तेवढंही बघा, आणि आम्हाला कळवा.”